१४ ऑक्टोबरची अर्धवट सही

१४ ऑक्टोबर म्हटले की आंबेडकरी माणसाला दुसरे काही आठवत नाही. १९५६ साल, नागपूर, दीक्षाभूमी! पण याच तारखेला, बरोबर ४१ वर्षांनी, म्हणजे १४ ऑक्टोबर १९९७ रोजी भारत सरकारने संयुक्त राष्ट्रसंघाच्या एका करारावर सही केली. छळ आणि इतर क्रूर, अमानुष वागणूक यांच्या विरोधातला हा आंतरराष्ट्रीय करार. दिल्लीच्या बाबूंनी दिनविशेष पाहून सही केली असेल, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. तो योगायोग होता. परंतु त्या सहीचे पुढे जे झाले, ते काही योगायोगाने झालेले नाही.

करारावर सही करणे म्हणजे इसारपावती. खरेदीखत नोंदवल्याशिवाय जमीन नावावर होत नाही, हे आमच्या माढा तालुक्यातला न शिकलेला शेतकरीही सांगेल. आंतरराष्ट्रीय करारात या खरेदीखताला अनुसमर्थन म्हणतात. सही केलेल्या देशाने ते केले, की करार त्याच्यावर बंधनकारक होतो. भारताने ते आजतागायत केलेले नाही. जगातल्या १७० पेक्षा जास्त देशांनी या कराराचे बंधन पत्करले. नेपाळ १९९१ साली, श्रीलंका १९९४ साली, बांगलादेश १९९८ साली आत आले. ज्याच्या नावाने आपल्याकडे निवडणुका लढवल्या जातात त्या पाकिस्तानने २०१० साली अनुसमर्थन केले आणि २०२२ साली छळाविरुद्ध स्वतंत्र कायदाही केला. तिथल्या पोलीस ठाण्यांतला छळ त्यामुळे थांबला, असे कोणी म्हणणार नाही. पण ढाक्याच्या न्यायालयाने २०२० साली त्यांच्या अशाच कायद्याखाली कोठडीतल्या मृत्यूबद्दल तीन पोलिसांना जन्मठेप दिली, हेही खरे आहे. आपल्याकडे तसा कायदाच नाही, तर शिक्षा कुठल्या कलमाखाली द्यायची?

हा करार नेमके काय सांगतो? छळ म्हणजे काय, ते त्याच्या पहिल्याच कलमात आहे. सरकारी माणसाने, किंवा त्याच्या संमतीने दुसऱ्याने, जाणूनबुजून तीव्र शारीरिक वा मानसिक यातना देणे. कशासाठी? कबुलीजबाब काढण्यासाठी, शिक्षा म्हणून, धाक बसवण्यासाठी, किंवा कोणत्याही प्रकारच्या भेदभावापोटी. वाचकहो, हा शेवटचा शब्द नीट वाचा. भेदभाव! ज्या देशात आडनाव विचारून काठी किती जोरात हाणायची ते ठरते, त्या देशाच्या सरकारला हा शब्द अडचणीचा वाटणार नाही तर काय? करार पुढे सांगतो की वरिष्ठाचा हुकूम होता ही सबब चालणार नाही, युद्ध होते किंवा आणीबाणी होती हीही चालणार नाही. आणि सर्वात महत्त्वाचे, छळ करणारा कुठल्याही देशाचा असो आणि छळ कुठेही झालेला असो, तो तुमच्या भूमीवर सापडला तर एकतर त्याच्यावर खटला चालवा, नाहीतर खटला चालवणाऱ्या देशाच्या हवाली करा. तिसरा रस्ता नाही.

हे कागदावरचे बोल नाहीत, याचा पुरावा जगाने लंडनमध्ये पाहिला. चिलीचा लष्करशहा ऑगस्तो पिनोशे याने ११ सप्टेंबर १९७३ रोजी लोकनियुक्त सरकार उलथवले आणि १७ वर्षे राज्य केले. हजारो माणसे मारली, हजारोंचा छळ केला, आणि सत्ता सोडताना स्वतःला संरक्षण देणारी सारी व्यवस्था करून ठेवली. उपचारासाठी तो लंडनला गेला. तिथे १६ ऑक्टोबर १९९८ रोजी स्पेनचे न्यायाधीश बाल्तासार गार्सोन यांच्या वॉरंटवरून ब्रिटिश पोलिसांनी त्याला दवाखान्यातच अटक केली. 'मी माजी राष्ट्रप्रमुख आहे, मला कोणी हात लावू शकत नाही,' हा त्याचा बचाव. २४ मार्च १९९९ रोजी हाऊस ऑफ लॉर्ड्सने तो फेटाळला. छळ हे राष्ट्रप्रमुखाचे सरकारी काम असूच शकत नाही, खुर्ची गेली की कवचही गेले, असा त्याचा मथितार्थ. पण वकील म्हणून आम्हाला त्या निकालातली दुसरी गोष्ट जास्त बोचते. लॉर्ड्सनी विचारले, हा करार या देशांवर बंधनकारक कधीपासून झाला? ब्रिटनपुरती तारीख निघाली ८ डिसेंबर १९८८. त्याआधीचे बहुतेक आरोप गळून पडले. १९७३ सालच्या किंकाळ्या हिशेबात धरल्या गेल्या नाहीत, कारण तोवर सहीशिक्के झाले नव्हते. अनुसमर्थनाची तारीख म्हणजे काय चीज आहे, हे इथे कळते. आपल्या देशात ती तारीख अजून उजाडलेलीच नाही!

पुढे प्रकृतीच्या कारणावरून ब्रिटनच्या गृहमंत्र्यांनी मार्च २००० मध्ये पिनोशेला सोडून दिले. व्हीलचेअरवरून विमानात चढलेले म्हातारबा चिलीच्या विमानतळावर उतरल्याबरोबर उठून चालू लागले, हेही साऱ्या जगाने पाहिले. सत्तेतल्या आरोपींची छातीतली कळ कधी सुरू होते आणि कधी थांबते, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. तो मेला १० डिसेंबर २००६ रोजी, मानवी हक्क दिनाला. शिक्षा न भोगता मेला, पण आरोपी म्हणून मेला.

यावर एक प्रश्न हमखास येतो, आणि तो आपल्यातलेच काहीजण विचारतात. चिली कुठे, स्पेन कुठे, आपल्या वस्तीतल्या पोराला पोलिसांनी मारले त्याच्याशी या गोऱ्यांच्या कोर्टाचा काय संबंध? सरकार तर नेहमीच म्हणते की हा देशाचा अंतर्गत मामला आहे. २००१ साली डर्बनच्या वंशभेदविरोधी परिषदेत आपल्या कार्यकर्त्यांनी जातीचा प्रश्न जगापुढे नेला, तेव्हाही भारत सरकारने हाच सूर लावला होता. पण ज्यांना हा अंतर्गत मामला वाटतो त्यांनी १९४६ सालचा एक पत्रव्यवहार वाचावा. त्या वर्षी बाबासाहेबांनी अमेरिकेतल्या काळ्या जनतेचे थोर विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहिले. अमेरिकेतल्या निग्रो काँग्रेसने संयुक्त राष्ट्रसंघाला जो अर्ज केला होता, त्याची प्रत त्यांनी मागवली होती, कारण भारतातल्या अस्पृश्यांनीही तसे करावे असा विचार चालू होता. संयुक्त राष्ट्रसंघ स्थापन होऊन तेव्हा वर्षही झाले नव्हते! अन्याय करणारा घरातलाच मालक असेल तर दाद घराबाहेर मागावी लागते, हे बाबासाहेबांना कोणी शिकवायची गरज नव्हती.

आणि चिली लांब वाटत असेल तर गोवा घ्या. आमच्या कुर्डुवाडी जंक्शनवरून पंढरपूर, सांगोला करत मिरजेला गाडी जाते, तिथून लोंढ्यामार्गे गोवा. १९५४-५५ साली महाराष्ट्रातून सत्याग्रहींचे जथे गोव्याच्या सरहद्दीवर गेले. १५ ऑगस्ट १९५५ रोजी पोर्तुगीजांनी निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या, वीसपेक्षा जास्त माणसे पडली. हे पाठ्यपुस्तकात आहे. कोठड्यांत काय झाले, ते पुस्तकात नाही. गोव्यातल्या जुन्या स्वातंत्र्यसैनिकांच्या बोलण्यात एक नाव वारंवार येते, ते म्हणजे एजंट मोंतेरो. कासिमिरो मोंतेरो, गोव्यातच जन्मलेला, पोर्तुगीज पोलिसांचा माणूस. राजकीय कैद्यांना बडवण्यात त्याची ख्याती. मोहन रानडे यांच्यासारख्यांना गोवा मुक्त झाल्यावरही पोर्तुगालच्या तुरुंगात सडत राहावे लागले, ते १९६९ साली सुटले. आणि मोंतेरो? त्याला बढतीच मिळाली म्हणायची. तो पोर्तुगालच्या पिदे नावाच्या गुप्त पोलिसांत गेला. १३ फेब्रुवारी १९६५ रोजी पोर्तुगालचे विरोधी नेते जनरल उंबेर्तु देल्गादो यांना सापळा रचून स्पेनच्या सरहद्दीत बोलावण्यात आले आणि तिथे त्यांचा व त्यांच्या सेक्रेटरीचा खून झाला. त्या टोळीत मोंतेरो होता. १९७४ साली पोर्तुगालमधली हुकूमशाही कोसळली, खटला उभा राहिला, आणि १९८१ साली मोंतेरोला १९ वर्षे ८ महिन्यांची शिक्षा झाली. पण तो कोर्टात होता कुठे? तो दक्षिण आफ्रिकेत जाऊन बसला होता. वर्णद्वेषी सरकारच्या आश्रयाला! तिथेच १९९३ साली तो मेला.

ती १९ वर्षे ८ महिन्यांची शिक्षा जनरलच्या खुनाची होती. गोव्याच्या कोठड्यांत ज्यांच्या बरगड्या मोडल्या त्यांचा त्या निकालात उल्लेख असण्याचे कारणच नव्हते. भारताच्या हाती मोंतेरो कधी लागला नाही. भारत आणि पोर्तुगाल यांचे राजनैतिक संबंध १९५५ पासून तुटले होते, ते १९७४ च्या अखेरीस जुळले. मधल्या काळात मागणी करायची कोणाकडे? आणि १९७४ नंतर तरी कोणत्या कराराखाली करायची? छळविरोधी करार तर १० डिसेंबर १९८४ रोजी जन्माला आला. सरहद्द ओलांडली की छळ करणारा धुतल्या तांदळासारखा स्वच्छ होतो, हा तेव्हाचा रिवाज होता. तो मोडण्यासाठीच हा करार झाला.

तो मोडता येतो, हे अलीकडच्या दोन खटल्यांनी दाखवले. आफ्रिकेतल्या चाड देशाचा माजी राष्ट्राध्यक्ष हिसेन हाब्रे १९९० साली सत्ता गेल्यावर सेनेगल देशात पळाला. तिथे बंगल्यात मजेत राहिला. त्याच्या तुरुंगातून जिवंत सुटलेल्या सामान्य माणसांनी २००० साली तक्रार केली आणि सोळा वर्षे ती सोडली नाही. ३० मे २०१६ रोजी सेनेगलच्या राजधानीत, आफ्रिकेतल्याच न्यायाधीशांनी त्याला जन्मठेप ठोठावली. त्यात कामाला आले ते काय? त्याच्या गुप्त पोलिसांचे कागद. मुख्यालयात धूळ खात पडलेले हजारो कागद २००१ साली सापडले, त्यात कैद्यांची नावे होती, मृत्यूच्या नोंदी होत्या. जुलमी माणूस नोंदी ठेवतोच. आपल्या ठाण्यातल्या स्टेशन डायरीचेही तेच आहे.

दुसरा खटला सीरियाच्या अन्वर रसलान या कर्नलचा. दमास्कसच्या एका कुप्रसिद्ध कोठडीचा तो तपासप्रमुख. नंतर निर्वासित म्हणून जर्मनीत गेला. सीरियातून परागंदा झालेले वकील अन्वर अल-बुन्नी यांना तो २०१४ साली बर्लिनमध्ये निर्वासितांच्या केंद्राजवळ दिसला. हे स्वतः तुरुंग भोगलेले वकील. चेहरा ओळखीचा वाटला, नाव नंतर आठवले. १३ जानेवारी २०२२ रोजी कोब्लेन्झ शहरातल्या जर्मन न्यायालयाने रसलानला जन्मठेप दिली. सीरियात गुन्हा, जर्मनीत शिक्षा.

आता आपल्या घरात या. आपल्या देशात सरकारी माणसाभोवती जी सरहद्द आखलेली आहे ती ओलांडायला पासपोर्ट लागत नाही, मंत्रालयाची मंजुरी लागते. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १९७, नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम २१८. सरकारी कर्तव्य बजावताना, किंवा बजावत असल्याचे दाखवून, केलेल्या गुन्ह्याबद्दल अशा अधिकाऱ्यावर खटला चालवायचा तर आधी सरकारची परवानगी घ्या. या कलमातले शब्द पाहण्यासारखे आहेत. जो लोकसेवक 'आहे किंवा होता'. म्हणजे निवृत्त झाला तरी संरक्षण कायम! लंडनमध्ये खुर्ची गेली की कवच जाते. आपल्याकडे पेन्शनबरोबर कवचही घरपोच मिळते. कोठडीत मारहाण करणे हे कर्तव्य नव्हे, असे न्यायालयांनी अनेकदा सांगितले आहे. पण ते नव्हे हे ठरवण्यासाठीच खालच्या कोर्टातून वर, वरच्या कोर्टातून दिल्लीला अशा वाऱ्या होतात आणि पाच-दहा वर्षे सहज जातात. शिवाय महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचे कलम १६१ आहेच. अधिकाराच्या नावाखाली केलेल्या कृत्याबद्दल सहा महिन्यांत कोर्टात या, नाहीतर विसरा. ज्याच्या घरचा कर्ता लॉकअपमध्ये मेला, त्या बाईला सहा महिन्यांत पोस्टमार्टेमचा कागद मिळत नाही, ती कोर्टात काय येणार?

या कुलपाचा अर्थ कळायला ख्वाजा युनूसचे प्रकरण पुरे. परभणीचा इंजिनिअर, दुबईत नोकरी. घाटकोपर बॉम्बस्फोटात डिसेंबर २००२ मध्ये मुंबई पोलिसांनी धरला. जानेवारी २००३ मध्ये 'पारनेरजवळ जीपला अपघात झाला आणि तो पळाला,' अशी पोलिसांची कहाणी. बरोबरच्या आरोपींनी त्याला कोठडीत रक्त ओकताना पाहिल्याचे सांगितले. हायकोर्टाने तपास सीआयडीकडे दिला. सीआयडीने १४ पोलिसांवर खटल्याची मंजुरी मागितली. राज्य सरकारने दिली चौघांपुरती. बाकीचे दहा सरहद्दीच्या पलीकडे राहिले. चौघांमधला एक होता सचिन वाझे. त्याला २०२० साली पुन्हा सेवेत घेतले गेले, आणि २०२१ साली दुसऱ्याच भानगडीत बडतर्फ करावे लागले. युनूसचा मृतदेह कधीच मिळाला नाही. वीस वर्षे उलटल्यावरही खटला रेंगाळतच होता. त्या स्फोटाच्या खटल्यातले त्याचे सहआरोपी मात्र २००५ सालीच निर्दोष सुटले होते!

परभणी. हे नाव आता आपल्या काळजावर कोरले गेले आहे. आमच्याच जंक्शनवरून दुसरी गाडी बार्शी, धाराशिव, लातूर करत त्या बाजूला जाते. १० डिसेंबर २०२४ रोजी परभणीच्या रेल्वे स्टेशनसमोर बाबासाहेबांच्या पुतळ्यापाशी असलेल्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. तारीख पुन्हा पाहा. छळविरोधी करार संयुक्त राष्ट्रसंघात मंजूर झाला त्याला त्या दिवशी बरोबर ४० वर्षे पूर्ण होत होती. दुसऱ्या दिवशी बंद झाला, दगडफेक-जाळपोळ झाली आणि मग पोलीस वस्त्यांत शिरले. बाया-पोरांना मारले, घराघरांतून तरुण उचलले. त्यात सोमनाथ सूर्यवंशी होता. वय ३५, वडार समाजातला, आंबेडकरी विचाराचा, कायद्याचे शिक्षण घेणारा. १५ डिसेंबर रोजी तो न्यायालयीन कोठडीत मेला. त्याच्या अंत्ययात्रेहून परतलेले परभणीचे जुने भीमसैनिक विजय वाकोडे यांचेही हृदयविकाराने निधन झाले.

शवविच्छेदनात मृत्यूचे कारण आले, अंगावरच्या अनेक जखमांमुळे बसलेला धक्का. मुख्यमंत्र्यांनी नागपूरच्या अधिवेशनात सांगितले की छळ झाल्याचा पुरावा नाही. त्याला श्वसनाचा आजार होता, आणि न्यायदंडाधिकाऱ्यांनी विचारले तेव्हा त्यानेच मारहाण झाली नाही असे सांगितले होते.

या शेवटच्या वाक्यापाशी आम्हाला थांबायचे आहे, कारण ते वाक्य आम्ही कोर्टात रोज ऐकतो. आरोपीला पहिल्यांदा हजर करतात तेव्हा न्यायाधीश विचारतात, पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का? आरोपी कुठे उभा असतो? ज्या हवालदाराने रात्री पट्टा चालवला त्याच्या शेजारी, हाताच्या अंतरावर. रिमांड मागायचा आहे हे त्याला ठाऊक असते. रिमांड मिळाला तर परत त्याच गाडीतून, त्याच ठाण्यात, त्याच खोलीत जायचे आहे. आणि तो पारधी, कैकाडी, वडार, मांग, महार असेल तर तक्रार केल्यावर घरच्या बायकांना कोण त्रास देईल हेही त्याला ठाऊक असते. आमच्या सोलापुरात काटेरी तारेच्या कुंपणातली सेटलमेंट होती. गुन्हेगार जमाती कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गेला, पण ठाण्याच्या डोक्यातली यादी काही गेली नाही. मग तो काय म्हणणार? 'नाही साहेब.' रोजनाम्यावर ओळ पडते, आरोपीची तक्रार नाही. चार दिवसांनी तो मेला तर त्याच ओळीचा आधार घेऊन सरकार विधानसभेत उभे राहते!

चोवीस तासांत न्यायाधीशापुढे हजर करण्याचा हक्क आला कुठून, हेही लक्षात असू द्या. घटना समितीने कलम २१ च्या मसुद्यातून 'कायद्याची योग्य प्रक्रिया' हे शब्द काढले. त्यावर टीका झाली, बाबासाहेबही समाधानी नव्हते. म्हणून सप्टेंबर १९४९ मध्ये त्यांनी स्वतः नवे कलम मांडले. अटकेचे कारण सांगणे, वकिलाचा हक्क, चोवीस तासांत हजर करणे. तेच आजचे कलम २२. पोलिसाच्या खोलीत अडकलेल्या माणसाला बाहेरच्या एका स्वतंत्र माणसाने डोळ्यांनी पाहावे, यासाठी ते केले होते. न्यायाधीशाने शर्ट वर करून पाठ पाहिली नाही तर बाबासाहेबांच्या कलमाचा नुसता सांगाडा उरतो.

परभणीत मात्र सरकारला तिथेच थांबता आले नाही. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या चौकशीने पोलिसांना जबाबदार धरले. सोमनाथच्या आईने हायकोर्टात धाव घेतली, बाळासाहेब आंबेडकर स्वतः वकील म्हणून उभे राहिले. ४ जुलै २०२५ रोजी औरंगाबाद खंडपीठाने पोलिसांविरुद्ध गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. सरकार त्याविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेले. कशासाठी? शिक्षा होऊ नये म्हणून नव्हे, नुसता गुन्हा नोंदवला जाऊ नये म्हणून! ३० जुलै २०२५ रोजी सुप्रीम कोर्टाने सरकारचे अपील फेटाळले. एफआयआर नोंदवायला, म्हणजे जे ठाण्यात अर्ध्या तासात व्हायला हवे त्यासाठी, एका वडार आईला साडेसात महिने आणि देशातले सर्वोच्च न्यायालय लागले.

आता या चित्राची दुसरी बाजू पाहा, म्हणजे करार कोणाच्या उपयोगी पडतो आहे ते कळेल. २८ फेब्रुवारी २०२५ रोजी लंडनच्या हायकोर्टाने शस्त्रव्यवहारातले सल्लागार संजय भंडारी यांना भारताच्या ताब्यात देण्यास नकार दिला. एक कारण असे की तिहारमध्ये त्यांच्याकडून खंडणी उकळली जाण्याचा, त्यांना मारहाण व छळ होण्याचा खरा धोका आहे. त्याआधी २०११ साली डेन्मार्कच्या न्यायालयाने पुरुलिया शस्त्रकांडातला आरोपी किम डेव्ही याला छळाच्या भीतीमुळेच भारतात पाठवायचे नाकारले, आणि २०२४ साली तिथल्या कोर्टाने पुन्हा नकार दिला. भारताने छळविरोधी करार पाळण्याचे बंधन घेतलेले नाही, हा मुद्दा असे आरोपी परदेशी न्यायालयांत हमखास मांडतात. म्हणजे भारतीय कोठडीत छळ होतो ही गोष्ट लंडनमध्ये पुरावा म्हणून मान्य, कोपनहेगनला मान्य, फक्त नागपूरच्या विधानभवनात अमान्य! ज्यांच्याजवळ लंडनपर्यंत पोहोचण्याचा पैसा आहे त्यांना कराराचे छत्र. जे परभणीच्या वस्तीतून उचलले जातात त्यांच्या डोक्यावर पत्राही नाही. आर्थिक गुन्हेगार परत आणू म्हणून गर्जना करणाऱ्यांनी निदान त्या स्वार्थासाठी तरी हे खरेदीखत पुरे करावे.

ते करायला काही शोध लावायचा नाही. छळ प्रतिबंधक विधेयक ६ मे २०१० रोजी लोकसभेत मंजूर झाले. ते पंगू होते. सहा महिन्यांची मुदत आणि सरकारची पूर्वमंजुरी ही दोन्ही जुनी कुलपे त्यातही होती. राज्यसभेने ते प्रवर समितीकडे पाठवले, समितीने सुधारून परत दिले, आणि २०१४ साली लोकसभा विसर्जित झाली तेव्हा ते मेले. काँग्रेसच्या राज्यात मेले, हेही नोंदवून ठेवू. ऑक्टोबर २०१७ मध्ये विधी आयोगाने २७३ व्या अहवालात अनुसमर्थनाची शिफारस केली आणि नव्या विधेयकाचा मसुदाच जोडून दिला. कोठडीत जखम झाली असेल तर ती पोलिसांनी केली असे गृहीत धरावे, उलट सिद्ध करण्याचा भार पोलिसांवर असावा, ही जुनी सूचनाही त्यात पुन्हा आली. २०१९ साली सुप्रीम कोर्टाने सांगितले की कायदा करा असा हुकूम आम्ही संसदेला देऊ शकत नाही. दरम्यान सरकारने भारतीय दंड संहिता मोडीत काढून न्याय संहिता आणली, वसाहतवादी गुलामीच्या खुणा पुसल्याची जाहिरात केली. पण छळ नावाचा गुन्हा तिच्यात नाही. कबुलीजबाबासाठी दुखापत करण्याचे इंग्रजांचे जुने कलम ३३० तेवढे कलम १२० होऊन बसले.

कायदा होईल तेव्हा होईल. तोवर आपल्या हातात जे आहे ते तरी वापरले पाहिजे, आणि इथे चळवळीतल्या वकिलांची जबाबदारी मोठी आहे. भाषणाला आपल्याकडे माणसांची वाण नाही. पहिल्या रिमांडला सकाळी अकरा वाजता कोर्टात हजर राहणाऱ्यांची आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५३ खाली अटक केलेल्याची वैद्यकीय तपासणी झालीच पाहिजे आणि अहवालाची प्रत त्याला किंवा त्याने सांगितलेल्या माणसाला मिळालीच पाहिजे. ती प्रत मागा. आरोपीला तोंडाने बोलायची भीती वाटत असेल तर वकिलाने अर्ज देऊन अंगावरच्या खुणा रोजनाम्यात उतरवून घ्याव्यात. ठाण्यातल्या सीसीटीव्हीचे चित्रण किमान वर्षभर जपून ठेवण्याचा सुप्रीम कोर्टाचा आदेश डिसेंबर २०२० पासून आहे. कॅमेरा बंद होता असे उत्तर आले तर ते लेखी घ्या. चाडच्या माणसांनी सोळा वर्षांनी हुकूमशहाला कागदावरच पकडला.

आणि मंजुरीच्या कुलपाबद्दल शेवटचे. नव्या संहितेच्या कलम २१८ मध्ये एक फट ठेवली गेली आहे. खटल्याच्या मंजुरीचा प्रस्ताव मिळाल्यापासून सरकारने १२० दिवसांत निर्णय द्यायचा आहे. दिला नाही तर मंजुरी मिळाली असे समजले जाते. सरकार नकार देऊ शकते, पण फाईल दाबून बसू शकत नाही. म्हणून परभणी असो की उद्या आपला तालुका, असा प्रस्ताव मंत्रालयात कोणत्या तारखेला आवक झाला, ते माहिती अधिकारात लेखी मागून घ्यावे. अर्जाला दहा रुपयांचे तिकीट लागते. १२० दिवस त्या आवक क्रमांकाच्या तारखेपासून मोजायचे.